डॉक्टरांची गाडी आणि माझे कान

बाबा,

आपल्या घरात बापाला अहोजाहो करायची रीत नव्हती, म्हणून आताही तूच म्हणते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती फाडून घेतली आणि ओट्यावर बसले. कारण काल सकाळचं आहे. मुलाची जुनी डिझेल गाडी अंगणात चालू करून ठेवली की अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न देता नुसती उभी असताना थरथरते, मध्येच दचके खाते, मग सावरते. अंजूरच्या नाक्यावरचा मेकॅनिक आला होता. आमच्या शेतांच्या जागी आता गोडाऊनं झाली आहेत, दारावरून कंटेनरची रांग जाते, त्यामुळे मेकॅनिकला भाव आला आहे. तो फोनवर कुणाला तरी विचारत विचारत बॉनेटमध्ये वाकला होता आणि चारही नोझल नवे टाकावे लागतील म्हणत होता. मी तांदूळ निवडत होते. न उठताच म्हणाले, "नोझलला हात लावू नको. फिल्टरच्या अलीकडे पाइप हवा ओढतोय, तिथली पट्टी आवळ." तो हसला. मग त्याने पट्टी आवळली, आणि थोड्या वेळाने गाडी गुमान चालायला लागली. मुलाने विचारलं, "आई, हे तुला कुणी शिकवलं?" मी नेहमीचंच उत्तर दिलं. "कुणी नाही. माझ्या बापाचं गॅरेज होतं. पण त्याने मला कधी काही विचारलंच नाही." हे वाक्य मी इतकी वर्षं बोलते आहे की ते तोंडातून आपोआप येतं. काल मात्र ते बोलून झाल्यावर तांदळातला हात तसाच राहिला.

तुझे कान मागांनी खाल्ले. पंधरा वर्षं तू भिवंडीतल्या लूमच्या कारखान्यात जॉबर होतास. माग बिघडला, पट्टा तुटला, धोटा अडला की धावायचं, हे तुझं काम. एका पत्र्याखाली वीस-पंचवीस माग एकदम चालायचे. आत कुणी बोलत नाही, नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. शिफ्ट सुटल्यावर तीच माणसं बाहेर येऊन चहासुद्धा ओरडून मागतात. साऱ्या गावालाच मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे तुझं ओरडणं कुणाला खटकलं नाही. मोटारीचं काम तू कारखान्याच्या ट्रकवर शिकलास, आणि पुढे शेलारच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलंस तेव्हा तुझे कान निम्म्याहून जास्त गेलेले होते. हे आई सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि आईनंतर मला. तू लांब दांड्याचा पेचकस घ्यायचास, टोक इंजिनावर टेकवायचास आणि लाकडी मूठ दातांत धरायचास. दुसरे मिस्त्री मूठ कानाला लावतात. ट्रकवाले कौतुकाने बघायचे. "उस्ताद दाँत से सुनता है," असं एक ड्रायव्हर अख्ख्या रस्त्याला सांगत सुटला होता. त्यांना ती करामत वाटायची. हाडातून जेवढं पोचतं तेवढंच तुला पोचत होतं, ठोका कळायचा आणि आवाज कळायचा नाही. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आवाजासाठी मी होते. सातवीनंतर शाळा सुटली, त्याच वर्षी आई गेली. गॅरेजच्या मागे आपली एक खोली, मध्ये नुसता पत्रा. आईचं दिवसकार्य उरकल्यावर तू मला गॅरेजात उभं केलंस आणि एका ट्रकचं इंजिन चालू केलंस. डिझेलचं इंजिन उभ्या उभ्या थरथरत असेल तर चारातला कुठला सिलिंडर काम करत नाही हे शोधायची तुझी रीत होती. नोझलवर येणाऱ्या पाइपाचा नट एकेक करून सैल करायचा. डिझेल बाहेर थुंकतं, तेवढ्यापुरता तो सिलिंडर बंद पडतो आणि इंजिनाचा आवाज खाली येतो. ज्याचा नट सैल करूनही आवाजात काही फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला. सोपं आहे, पण त्याला कान लागतात. म्हणून तू नट सैल करायचास आणि मी गिऱ्हाइकाच्या मागे, हातात चहाचे पेले नाहीतर झाडू घेऊन उभी राहायचे. आवाज पडला की मूठ मिटायची. फरक पडला नाही की पंजा उघडायचा. तू वर बघितल्यासारखं करायचास, माझा हात बघायचास, मग पेचकस दातांत धरून उगाच मान हलवायचास आणि गिऱ्हाइकाला सांगायचास, "दोन नंबर." आठ-नऊ वर्षं हे चाललं. माझा हात एकदाही चुकला नाही, बाबा, आणि हे मी आज बढाई म्हणून लिहिते. कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, ते मीच म्हणून घेते.

एका दिवाळीला आळीतल्या पोरींना त्यांच्या बापांनी बांगड्या आणल्या, आणि तू मला तपकिरीची रिकामी डबी दिलीस. आत सुताचे बोळे होते, खोबरेल तेलात भिजवून पिळलेले, माझ्या कानांच्या मापाचे. बाजारात जायचं तर कारखान्यांच्या रांगेतून जावं लागे, सगळ्यांची दारं रस्त्यावर उघडी, तेवढ्या वाटेपुरते ते कानांत घालायचे. "कान जप," तू म्हणालास. "त्ये गेलं का परत येत न्हाय." मी ती डबी पदराला बांधून फिरायचे. तेल संपलं की तू स्वतः नवे बोळे करायचास, माझ्या कानाजवळ धरून माप बघायचास, आणि तेव्हा तुझ्या हाताला डिझेलचा वास असायचा. मला तेव्हा वाटायचं की एवढी माया कुठल्या बापाची नसेल. पुढे कित्येक वर्षं मी हाच विचार करत राहिले, की ती माझ्या कानांची काळजी होती की तुझ्या धंद्याची. माणूस आपल्या पान्यांनाही तेल लावूनच ठेवतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवाळीला मी खूश होते. तू म्हणाला होतास, "गॅरेज तुझंच हाय. मना कोन हाय दुसरा?" मी ते खरं धरलं.

मग सुताच्या व्यापाऱ्याची डिलिव्हरी व्हॅन आली. जुनी, बाहेरच्या देशातली, डिझेलची. तिच्या डिझेल-पंपाच्या पाठीला एक गोल डबा होता. त्या डब्यात चामड्याचा एक पातळ पडदा असतो आणि हवेच्या ओढीवर तो हलत राहतो. पाय दिलेला नसताना इंजिनाला लागेल तेवढंच डिझेल सोडायचं, हे त्या पडद्याचं काम. तू नट सैल करायला सुरुवात केलीस, आणि मला दुसऱ्याच क्षणी कळलं की हे मिसिंग नाही, म्हणजे कुठला सिलिंडर मेलेला नाही. मिसिंग असलं की ठेका एका जागी तुटतो. या गाडीचा आवाज स्वतःच चढत होता, स्वतःच उतरत होता, परत चढत होता. तूच मला सांगितलं होतंस की मागावरचं चामडं सुकलं की धोट्याचा ठेका असा ढिला-घट्ट होतो, म्हणून जॉबर रोज चामड्याला तेल पाजतो. याला मूठही चालत नव्हती आणि पंजाही, म्हणून मी तोंडाने बोलले. "मिसिंग नाही, पडदा सुकलाय." व्यापारी वळून बघायला लागला. तू डब्याची हवेची नळी सोडवलीस, पंपाचा दांडा बंदच्या बाजूला ढकलून हवेच्या भोकावर अंगठा दाबलास आणि दांडा सोडलास. पडदा शाबूत असता तर दांडा तिथेच राहिला असता. तो सर्रकन परत आला, म्हणजे सुकलेल्या पडद्यातून हवा गळत होती. व्यापारी म्हणाला, "मुलगी हुशार आहे हो मिस्त्री." तू त्याच्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, "आपल्या हाताला कळतं, शेठ." तो गेल्यावर मला आत घेऊन गेलास. "गिऱ्हाइकाम्होरं तोंड उघडायचा न्हाय. लोक म्हनतील, मिस्त्री पोरीच्या जिवावं जगतो." मी म्हणणार होते की लोकांना खरं ते कळेल एवढंच. पण तू ताटावर बसला होतास आणि ताटात बघत होतास. तुझ्याशी बोलायचं तर तुझे डोळे आपल्या तोंडावर असावे लागतात. नको ते ऐकायची वेळ आली की तू खाली बघायचास, आणि मग समोरच्याने कितीही घसा फोडला तरी त्याचा उपयोग नसायचा.

खारबावहून तुझा पुतण्या आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, मिशीला पीळ देणारा, स्वभावाने वाईट नाही, कान शाबूत. पण ऐकणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. त्याला गोंगाट आणि शांतता एवढेच दोन आवाज कळत. तू त्याला मूठ-पंजाची खूण शिकवलीस. माझी खूण. त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, "उद्यापासून तू गॅरेजात येव नको. अंजूरची मानसा बघाया येनार हायत. पोरगी तेलकट हातानी बाप्यांत उभी ऱ्हाते, असा त्यांच्या कानावं गेलाय."

"मग आवाज कोण ऐकणार?" मी विचारलं.

"त्यो ऐकंल. ह्यो काय बाईचा काम हाय?"

"तू बोललेलास, गॅरेज तुझंच हाय म्हणून."

माझे ओठ तू वाचलेस, हे मी पाहिलं. वाचलेस आणि मग ताटात बघितलंस. पुतण्या आमटी भुरकत होता. मी उठून हात धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून पत्र्याच्या अलीकडे राहिले. पलीकडून सगळं ऐकू यायचं. ते बंद करायला तू मला काही दिलं नव्हतंस, आणि ती डबी मी रागाने फळीवर वर टाकून दिली होती.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पेट्रोल महागलं म्हणून भिवंडीतल्या आपल्या डॉक्टरांनी कुठूनशी एक जुनी परदेशी डिझेल मोटार घेतली होती. तेव्हा भिवंडीत डिझेल म्हणजे ट्रक. डिझेलवर चालणारी मोटार बघायला लोक थांबायचे. डॉक्टर त्या गाडीतून अंजूर, खारबावपर्यंत आजारी माणसं बघायला जायचे. ज्यांच्या दारात डॉक्टर जात त्या सगळ्यांना ते आपल्या मिस्त्रीचं नाव सांगत, आणि त्या एका गाडीमुळे आणखी दहा गाड्या तुझ्याकडे येत. ती गाडी सकाळी गॅरेजात आली. मी भाकऱ्या करत होते. इंजिन उभं चालू होतं, आणि मला तव्यावरची भाकरी उलटायच्या आत कळलं. चढतेय, उतरतेय, चढतेय. व्यापाऱ्याच्या व्हॅनसारखं. पंपाच्या पाठीमागचा डबा, आतलं चामडं, तेल न मिळून सुकलेलं. डॉक्टरांना बिचाऱ्यांना काय माहीत की त्याला तेल द्यायचं असतं. पण तुला माहीत होतं. पंधरा वर्षं मागाच्या चामड्याला तेल पाजणाऱ्या माणसाला, आणि एकदा तसलाच पडदा हाताने बदललेल्या माणसाला, तो डबा समोर दिसत होता. तरी तू नट सैल करायला घेतलास, कारण तुझी ती एकच रीत होती आणि गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायला नवा माणूस होता.

काय झालं असेल ते मी पत्र्याआडून डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगू शकते. एक नंबर सैल केलास, आवाज पडला. दोन केलास, पडला. तीन नंबरचा नट सैल केलास नेमका तेव्हा, जेव्हा गाडी स्वतःहून चढत होती. पडणं आणि चढणं एकमेकांत फिटलं. पुतण्याला वाटलं, फरक नाही. त्याने पंजा उघडला असणार. मी असते तर तू नट परत आवळून दुसऱ्यांदा सैल करेपर्यंत हात खालीच ठेवला असता. पुतण्याला थांबणं माहीत नव्हतं. मग तू पेचकस दातांत धरला असशील, आणि ठोका तर सगळीकडून येतच होता. "तीन नंबर," तू मोठ्याने म्हणालास. "वॉल जळला आसंल. हेड खोलाया लागंल, साहेब." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही म्हणता तर खोला." मी हातातलं पीठ परातीच्या काठाला पुसलं. पत्र्याला एक दार होतं. दहा पावलं चालून जाऊन मला एक शब्द बोलायचा होता. मी गेले नाही. बाईचं काम नव्हतं ते.

हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, खोलून तीन दिवस गाडी उभी राहिली. डॉक्टर टांग्याने फिरत होते. तू वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, काढलेस, ते चांगलेच होते, तरी घासलेस, कारण खोलल्यावर काहीतरी केलं पाहिजे. असल्या गाडीचं गॅस्केट कुठे मिळणार, म्हणून जुनंच तांब्याचं तापवून परत घातलंस. तिन्ही दिवस तू जेवायला बसायचास तेव्हा तुझ्या नखांत कार्बन असायचा आणि तू माझ्या तोंडाकडे बघायचा नाहीस. चौथ्या दिवशी हेड बसलं, डॉक्टर आले, इंजिन चालू झालं. चढतेय, उतरतेय. तसंच्या तसं. मला हसू आलं, बाबा. खोटं कशाला लिहू, चुलीपाशी बसून मला हसू आलं. दुपारी तू हात धुवायला आत आलास आणि परत गेलास.

त्यानंतरचं मी दाराच्या फटीतून पाहिलं. तू बॉनेटमध्ये वाकलेला आहेस, पेचकस दातांत आहे. डॉक्टर तुझ्या पाठीमागे उभे आहेत. ते म्हणतात, "मिस्त्री, आज होईल का?" तू हलत नाहीस. ते परत विचारतात, जरा मोठ्याने. पुतण्या चहा आणायला टपरीवर गेला आहे, त्यामुळे तुला कोपराने खुणावणारं कुणी नाही. डॉक्टर खिडकीतून हात घालून गाडी बंद करतात. सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत ते तुझ्या पाठीमागे टाळी वाजवतात. एकदा. दोनदा. ठोका थांबलेला तुला दातांत कळतो, पण गाडी आपणच बंद पडली असं वाटून तू तसाच वाकलेला राहतोस. शेवटी ती परत चालू करायला म्हणून वळतोस. डॉक्टर तुझ्यासमोर येतात आणि, माणूस वाईट नव्हता, फार हळू आवाजात विचारतात, "मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही. कधीपासून?" टपरीवरची चार-पाच माणसं बघत आहेत. तू तोंडातून पेचकस काढतोस, तो मळक्या सदऱ्याला पुसतोस आणि ओरडून, कारण तुला तेवढंच येत होतं, म्हणतोस, "मागावं होतो, साहेब."

डॉक्टर गाडी तशीच थरथरत ठाण्याला घेऊन गेले. तिथे अर्ध्या तासात काम झालं. चांगल्या मनाने ते सांगायला आले, की पंपाच्या पाठीमागचं चामडं सुकलं होतं, बाकी काही नव्हतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तू त्यांच्या ओठांवर चामडं हा शब्द वाचलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी कपडे वाळत घालत होते. पुढचं तर गावालाच माहीत आहे. उस्ताद दाताने का ऐकतो ते कळल्यावर तीच करामत थट्टेची झाली. रस्त्यावरची पोरं दातांत काडी धरून एकमेकांना विचारायची, "कितवा नंबर, मिस्त्री?" ट्रकवाले यायचे थांबले. पुतण्या महिन्याभरात खारबावला परतला. वर्ष सरायच्या आत गॅरेजचा पत्रा कुणी दुसऱ्याने घेतला, आत आठ माग बसवले, आणि तू त्याच पत्र्याखाली, जिथे तुझे पाने टांगलेले असायचे तिथे, जॉबर म्हणून ड्युटीला उभा राहिलास. तिथे कुणालाच ऐकू येत नसल्यामुळे तुझ्यात काही कमी नव्हतं.

मला अंजूरला दिलंस. माणसं बरी निघाली, तक्रार करावी असं काही नाही, फक्त गॅरेज माझं झालं नाही. तू सणाला यायचास, ओटीवर टेकायचास, सासरची माणसं तुझ्याशी ओरडून बोलायची आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचास, मी त्यांचं बोलणं ओठांनी सांगेन म्हणून. मी कामात असायचे. तसं मी ठरवूनच कामात असायचे. मग तुझी छाती भरायला लागली, सुताची भुकटी खोकल्यातून निघायची, आणि एक दिवस तू गेलास. गॅरेज मोडलं तेव्हापासून लोक विचारत आले की मिस्त्रीच्या हातून डॉक्टरांच्या गाडीचं तसं कसं झालं, तू तर घरातच होतीस, तुझे कान तर एवढे चांगले. मी सगळ्यांना एकच सांगितलं. त्याने विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. नवऱ्याला सांगितलं, नणंदांना सांगितलं, मुलाला सांगितलं. माझा राग मी त्या एका वाक्यावर उभा केला, आणि राग खोटा नाही, बाबा. गॅरेज माझं म्हणालास आणि माझी खूण दुसऱ्याच्या हातात दिलीस, याचा राग मला आज या ओट्यावरही तेवढाच येतो.

पण ते वाक्य खोटं आहे. हेड बसवून गाडी तशीच थरथरली, त्या दुपारी तू हात धुवायला आत आलास असं मी वर लिहिलंय. तू हात धुवायला आला नव्हतास, मोरी दुसऱ्या अंगाला होती. तू दारातून आत येऊन चुलीसमोर उभा राहिलास आणि पलीकडे डॉक्टरांना कळू नये म्हणून मागावरच्यासारखे नुसते ओठ हलवलेस. "काय हाय त्या गारीला? तुना कळलाय. सांग." मी ते पुरतं वाचलं. मला पडदा एवढा एक शब्द ओठांवर आणायचा होता, आवाजसुद्धा काढायचा नव्हता. मी तुझ्याकडे पाठ केली आणि पीठ थापायला घेतलं. तुझ्याशी बोलणं कसं संपवायचं हे मी तुझ्याच ताटासमोर बसून शिकले होते. तव्यावरची भाकरी फुगली, मी ती उतरवली, दुसरी टाकली. तोवर तू मागे उभा होतास, तुझा श्वास मला ऐकू येत होता, कारण माझे कान चांगले होते. मग दार वाजलं.

तू विचारलं होतंस, बाबा. आणि आज परत येऊन विचारलंस तरी मी तोंड तुझ्याकडे करीन की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.